सत्ताईस

बोईसरच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोन म्हातारे बसले होते.

"सकाळपासून दिनानाथनं डोळे उघडले नाय. दमयंतीवहिनींना पण ओळखलं नाय."

"सिस्टर नुसती 'पाटीलकाका, पाटीलकाका' करते. तो कशाला ओ देईल? फौजेत एका कंपनीत आपण तिघंपण पाटील. नावानं कोण बोलवायचं?"

"नंबराचे शेवटचे दोन आकडे. तो बासठ, तू उन्नीस, मी सत्ताईस."

"बर्फातल्या पोस्टवर दर पाच मिनिटांनी एकमेकांचा नंबर ओरडायचा. पलीकडून 'हाजिर' आलं म्हणजे माणूस जागा."

"एकदा माझं 'हाजिर' गेलंच नाय. डोळा लागलेला. वादळात रांगत आला रे तो, दोन थोबाडीत दिल्या. नायतर तिथंच गोठलो असतो मी."

"मग आत जाऊन नंबरानं हाक मार ना त्याला. सिस्टरला विचारलंस का?"

"नाय विचारलं."

"का?"

"हाक मारली आणि उत्तर नाय आलं तर?"

तेवढ्यात आयसीयूचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली.

"पाटीलकाकांबरोबर कोण आहे? ते सारखे 'सत्ताईस, सत्ताईस' म्हणतायत. आमच्याकडे बेड बाराच आहेत, हा सत्ताईस कुठला?"

"तो बेड नाय, सिस्टर, मी हाय. मला आत सोडा लवकर. उत्तर नाय गेलं तर तो उठून रांगत येईल."