देगलूरच्या हाका

तनुजा : आधी पाणी प्या, सर. घसा पार बसलाय तुमचा.

मल्लिकार्जुन सर : घशाचं सोड. हाफटाइमलाच दोन गोल खाल्ले आपण. ते बी लातूरच्या मैदानावर, त्या रुद्रेशसमोर. सात वर्षं माझा असिस्टंट होता हा गडी. सरावाचे शंकू उचलायचा.

तनुजा : आता ते लातूरचे मुख्य कोच आहेत. आणि शंकू मी उचलते.

मल्लिकार्जुन सर : टोमणे मारायची येळ हाय का ही? आपल्याला बरोबरी लागती, तनुजा. नुसती बरोबरी. तेवढ्यावर सेमीफायनल. न्हाईतर मालक आप्पासाहेब नांदेडच्या आपल्या फुटबॉल मैदानाला कुलूप लावतो. टर्फवाला ठरलाय त्याचा. हिरवं प्लॅस्टिक, चारी बाजूनं जाळी, अन् रातभर क्रिकेट.

तनुजा : माहीत आहे. पोरींनाही माहीत आहे, म्हणून तर पाय जड झालेत त्यांचे.

मल्लिकार्जुन सर : मला काय म्हणला ठाऊक हाय का तो? चारचौघांत. "सर, तुमच्या हाताखालचे समदे जिंकून राहिले. सोलापुरात सिद्धेश्वर, लातुरात रुद्रेश. मग तुमीच कामून हरता?" लोक हसले. मी बी हसलो. काय करणार.

तनुजा : सर, थोडाच वेळ आहे. एक सांगू? रागावू नका. दुसऱ्या हाफमध्ये हाका मारू नका.

मल्लिकार्जुन सर : म्हंजे?

तनुजा : तुम्ही "एडम" म्हणून ओरडता. आपली रुद्राणी डावीकडून सुटते. पण तिच्या आधीच त्यांची पोरगी तिथं जाऊन उभी असते. मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग मी चेंडूकडे बघायचं सोडून रुद्रेश सरांकडे बघत बसले. तुमची हाक आली की ते नुसता हात वर करतात. एडमला उजवा, कुडीला डावा. आपली डावी बाजू म्हणजे त्यांची उजवी.

मल्लिकार्जुन सर : त्याला काय कळतंय? हाका माझ्या हायेत. समोरच्याला कळू नये म्हणून तर तेलुगू ठेवली मी. लातूरच्या कुण्या पोरीला तेलुगू येती?

तनुजा : पोरींना नाही येत. पण सर, तुम्ही उदगीरचे. घरात कानडी. तुमच्याकडे तेलुगू आली कुठून?

मल्लिकार्जुन सर : आली असंल. मैदानावर आली.

तनुजा : रुद्रेश सर देगलूरचे आहेत.

मल्लिकार्जुन सर : हाव, देगलूरचा हाय. त्याचं काय?

तनुजा : त्यांच्या घरची भाषा आहे ती, सर. एडम म्हणजे डावीकडे, कुडी उजवीकडे, वेनक्की मागे. मी शाळेत होते तेव्हा. ते आम्हाला शिकवत होते आणि तुम्ही बाजूला उभं राहून पुटपुटत पाठ करत होता.

मल्लिकार्जुन सर : मी पाठ करत होतो?

तनुजा : वेनक्की तुम्हाला जमत नव्हतं. आम्ही हसायचो.

मल्लिकार्जुन सर : इतकी वर्षं ओरडलो ग. मला खरंच वाटलं, माझ्याच हायेत. थांब. मी त्याच्याकडं जाऊन येतो.

तनुजा : कशाला? नका जाऊ, सर. पोरी बघतायत.

मल्लिकार्जुन सर : बघू दे.

रुद्रेश : सर? तुमी कामून चालत आलात इतक्या लांब? मला हाक मारायची होती.

मल्लिकार्जुन सर : हाका तर तू ऐकूनच राहिलास सकाळपासून.

रुद्रेश : ऐकल्या. आता कानात बोळे घालून तर उभं राहणार न्हाई ना मी. मला वाटलं होतं, समोर मी हाय म्हणल्यावर तरी तुमी बदलाल. पहिली हाक ऐकली तवा हसू आलं. दुसरीला न्हाई आलं.

मल्लिकार्जुन सर : रुद्रेश, एक मागायला आलो. बरोबरी दे. तुझी सेमीफायनल तर कालच पक्की झाली. तुझं काय जातंय?

रुद्रेश : सर...

मल्लिकार्जुन सर : ऐक तर. मैदान चाललंय माझं. अर्धापूरच्या, मुदखेडच्या पोरी पहाटे उठून येतात. त्यांच्या घरचे टपूनच बसलेत, हे खूळ कधी बंद पडतंय म्हणून. मैदान गेलं की लगेच स्थळं बघायला लागतील त्यांच्यासाठी. तुला का मी सांगावं? यांच्या आधीच्या पोरींच्या घरी जाऊन तूच बापांच्या विनवण्या केल्यास. मी आता तुझी विनवणी करून राहिलो.

रुद्रेश : असं नका बोलू. अन् हात जोडू नका, समदे बघून राहिले.

मल्लिकार्जुन सर : इज्जतीचं राहू दे बाजूला. देतो का सांग.

रुद्रेश : मग माझ्या पोरींना काय सांगू? त्या मांडवात टोपी घातलेल्या बाई दिसून राहिल्या ना, त्या राज्याच्या संघासाठी पोरी निवडायला आल्यात. माझी गोलकीपर निलंग्याची हाय. तिच्या बापाच्या बी मी विनवण्या केल्यात. आज दोन चेंडू सोडून दे म्हणू तिला? तुमच्याकडं होतो तवा एकदा, फक्त एकदा, मी माझ्या मनानं एक पोरगी बदली म्हणून उतरवली. तुमी तिचा दंड धरून तिला परत बाकावर बसवलं. समद्यांसमोर. त्या दिवशी ठरवलं, इथून जायचं. तरी इथल्या मुलाखतीत गुरू कोण म्हणून विचारलं तवा तुमचंच नाव घेतलं.

मल्लिकार्जुन सर : नाव घेतल्यानं मैदान वाचत न्हाई रे.

रुद्रेश : न्हाई वाचत. बरोबरी मी देणार न्हाई, सर. पण एक सांगतो. तुमच्या ह्या पोरींना मी ओळखत न्हाई. मी फक्त तुमाला ओळखतो. तुमी गप बसलात तर मला कायबी कळणार न्हाई.

मल्लिकार्जुन सर : तनुजा बी हेच म्हणली.

रुद्रेश : तनुजा? ती गोलमागं चेंडू आणायला थांबायची, ती बारकी?

मल्लिकार्जुन सर : असिस्टंट हाय आता माझी.

रुद्रेश : मग तिचं ऐका. माझं तर कधी ऐकलं न्हाई.

तनुजा : काय म्हणाले, सर?

मल्लिकार्जुन सर : न्हाई म्हणला. जा, पोरींना गोळा कर. कुणी कुठं उभं राहायचं ते तूच सांग.

तनुजा : मी सांगू?

मल्लिकार्जुन सर : मी तोंडात रुमाल धरून बसतो. लवकर जा, न्हाईतर माझा विचार बदलंल.

(सामना संपल्यावर. मैदानाच्या फाटकाबाहेर, नांदेडला परतणाऱ्या क्रूझरजवळ.)

तनुजा : एक गोल फेडला, सर. दुसराही झालाच होता. खांबाला लागला.

मल्लिकार्जुन सर : बघितलं. रुद्राणी उजवीकडनं आली. मी तिला जन्मात उजवीकडं जाऊ दिलं नसतं.

तनुजा : तिला किती दिवसांपासून जायचं होतं.

मल्लिकार्जुन सर : मला कुणी बोललं न्हाई.

तनुजा : तुम्ही एकदाही ओरडला नाहीत.

मल्लिकार्जुन सर : हा बघ रुमाल. चावून चावून चाळण झाली.

तनुजा : आप्पासाहेबांचा फोन आला होता. चेंडू, शंकू, जाळ्या, सगळं उद्या संध्याकाळपर्यंत उचला म्हणाले. परवा टर्फवाले माप घ्यायला येणार.

मल्लिकार्जुन सर : अन् अभिनंदन न्हाई केलं? अजून एकदा तुमच्या हाताखालचा जिंकला म्हणून?

तनुजा : केलं.

मल्लिकार्जुन सर : करणारच. चुकत न्हाई तो गडी. चल, बस गाडीत.

तनुजा : पोरी बसत नाहीयेत, सर. गाडी नांदेडला पोचली की संपलं, असं वाटतंय त्यांना. उद्या कुठं यायचं, एवढंच विचारतायत.

मल्लिकार्जुन सर : मला कामून विचारून राहिल्या? काय राहिलंय माझ्याकडं?

तनुजा : मुदखेडला रुळांच्या पलीकडे एक मोकळं रान आहे. खडे आहेत, कडेला बाभळी आहेत. पण सपाट आहे. मालक सकाळचं खेळा म्हणालाय. मागच्या रविवारी जाऊन बघून आलेय मी.

मल्लिकार्जुन सर : मागच्या रविवारी? म्हंजे आपण हरणार, हे तू धरूनच चालली होतीस.

तनुजा : तुम्ही हाका मारणार, हे धरून चालले होते.

मल्लिकार्जुन सर : जाळी लावायला खांब तरी हायेत का तिथं?

तनुजा : नाहीत. दोन दगड ठेवायचे. चुकलेला चेंडू थेट बाभळीत जाणार.

मल्लिकार्जुन सर : दुसऱ्याच दिवशी फुटंल.

तनुजा : फुटेल. मग काय सांगू त्यांना?

मल्लिकार्जुन सर : बसा म्हणावं गाडीत. उद्या पहिल्या रेल्वेनं मुदखेड. अन् ही घे.

तनुजा : शिट्टी? सर, मी काय करू हिचं?

मल्लिकार्जुन सर : वाजव. तुला वाटंल तवा वाजव.

तनुजा : आणि तुम्ही? तुम्ही येणार ना?

मल्लिकार्जुन सर : येईन की. मी दगडांच्या मागं थांबतो. चेंडू आणायला कुणीतरी लागंलच.