सुरंगीचा थंड चहा

चैत्रातल्या उन्हात राही रत्नागिरीच्या बंदरावर मुंबईहून येणाऱ्या बोटीची वाट बघत बसली होती. शेजारी दोन म्हाताऱ्या बोलत होत्या; एकीच्या पुढ्यात रिकामी बादली होती.

"सगुणे, बोटीनं निघालीस गो?"

"नाही हौसावैनी. जावई मुंबईहून बोटीतनं बर्फ धाडतोय, भुशात गुंडाळून."

"बर्फ? तो कशाला?"

"ह्यांच्यासाठी. बोटीवर बटलर होते तेव्हा साहेबांना बर्फ घालून थंड चहा करून द्यायचे. सुट्टीत आले की घरीसुद्धा करायचे. कोऱ्या चहात अननसाच्या फोडी, वर सुरंगीची फुलं, आणि कळशी विहिरीत सोडून गार करायची."

"आठवतंय तर! अख्खी वाडी वाट्या घेऊन यायची तुझ्या खळ्यात. आता बोलतात का गो काही?"

"अंगावरून वारं गेल्यापासून शब्द नव्हता. परवा मीच तसा चहा केला, चमच्यानं पाजला."

"मग?"

"घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, 'बर्फ कुठाय?'"

हौसावैनींनी पदर डोळ्यांना लावला.

बोटीवरून माणसं आणि सामान घेऊन आलेला पडाव धक्क्याला लागला. राहीनं आपलं बोचकं हौसावैनींच्या पायाशी ठेवलं आणि सगुणाबाईंची बादली उचलून ती त्यांच्याआधी धक्क्याकडे धावली.