स्वतःच्या पायांनी

डॉक्टर : म्हणजे, तुम्ही बोलताय ते सगळं सुसंगत आहे. तारीख सांगितलीत, वार सांगितलात, केस नीट विंचरलेले आहेत. हा तातडीचा मानसोपचार कक्ष आहे, इथले पलंग आठच. गोळ्या लिहून देतो, आठवड्याने येऊन दाखवा.

चालकबाई : केस विंचरायला आज पाऊण तास लागला, डॉक्टर. कंगवा हातात धरून नुसती बसले होते.

डॉक्टर : तरी विंचरलेत ना.

चालकबाई : सोळा वर्षं बस चालवतेय. अंगात ताप असला तरी गणवेशाला इस्त्री असते माझ्या. बसचा रंग बघून इंजिन कसंय ते कळतं का कुणाला?

डॉक्टर : आज ड्यूटी नव्हती?

चालकबाई : होती. सहा-दहाची पहिली फेरी. डेपोत जाऊन किल्ली घेतली आणि दहा मिनिटांनी साहेबांच्या टेबलावर परत ठेवली. म्हटलं, आज मी गाडी काढणार नाही, दवाखान्यात चाललेय. दोन बस बदलून आले. प्रवासी म्हणून.

डॉक्टर : किल्ली परत का केलीत?

चालकबाई : सांगते. तुम्ही लिहिणं थांबवा जरा. हां. काल दुपारी गाडी पुलावर होती, आत पन्नासेक माणसं. आणि मनात आलं, आता इथेच संपलं सगळं तर बरं. माझं, म्हणजे. मागच्या माणसांची आठवणच झाली नाही मला, पूल संपेपर्यंत.

डॉक्टर : मग?

चालकबाई : गाडी कडेला घेतली. टायर बघायच्या निमित्ताने खाली उतरले. मग शेवटपर्यंत एकेक थांबा मोठ्याने म्हणत गाडी नेली. लोकांना वाटलं, बाई आज खुशीत आहे.

डॉक्टर : हे तुम्ही आल्या-आल्या का नाही सांगितलंत?

चालकबाई : तुम्ही आल्या-आल्या तारीख विचारलीत.

डॉक्टर : खरं आहे. चुकलं माझं.

चालकबाई : दोन वर्षांपूर्वी भाऊ घेऊन आला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनीही केस बघितले, गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. चौथ्या दिवशी चौघांनी उचलून आणलं. हात पलंगाला बांधले. सुई टोचली, कसली ते कुणी सांगितलं नाही. मी पाण्यासाठी ओरडत होते, तर म्हणे शांत राहा.

डॉक्टर : तरी परत इथेच आलात.

चालकबाई : त्या वेळी निघताना एक सिस्टर भेटल्या. माझ्याजवळ बसून त्यांनी हा कागद लिहून घेतला. पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं, काय नाही, माझ्याच शब्दांत. खाली त्यांची सही आहे. वाचा.

डॉक्टर : ‘सलग तीन रात्री झोप नाही. भांडी तशीच पडून राहतात. रेडिओचा आवाज सहन होत नाही.’ यातलं आता किती…

चालकबाई : काल चौथी रात्र झाली. बाकीचं सगळं.

डॉक्टर : ‘मी हसून बोलत असले तरी विश्वास ठेवू नका.’

चालकबाई : त्याच्याखाली दोन रेघा आहेत बघा.

डॉक्टर : ‘हात बांधू नका. औषधाचं नाव आधी सांगा. भावाला बोलवायचं की नाही ते मला विचारा.’ बोलवायचं?

चालकबाई : बांधायच्या कागदावर सही त्याचीच होती. तेव्हापासून आम्ही धड बोललेलो नाही.

डॉक्टर : मग नको?

चालकबाई : बोलवायचं. पण फोन मी करते.

डॉक्टर : खिडकीजवळचा पलंग दुपारी रिकामा होतोय. तोवर इथेच माझ्यासमोर बसा. आणि ही गोळी. हिचं नाव इथे लिहिलंय. झोप येईल, तोंडाला कोरड पडेल. घ्याल?

चालकबाई : मला विचारताय?

डॉक्टर : हो. तुम्हालाच.

(अकराव्या दिवशी, दुपारी. कक्षाबाहेरचा बाक. चालकबाईचा भाऊ तिला न्यायला आलाय.)

दादा : डेपोतून साहेबांचा फोन आला होता. महिनाभर टेबलावरचं काम, मग तपासणी, मग गाडी. म्हणाले, गाडी कधी काढू नये हे कळणारा चालक मला हवाच आहे.

चालकबाई : असं म्हणाले?

दादा : अगदी असंच. बाकीच्यांनाही सांगणार आहेत, बरं नसेल तर येऊन सांगा, कुणाची नोकरी जाणार नाही.

चालकबाई : आता सोमवारी सगळ्या डेपोला बरं नसणार.

दादा : डॉक्टरही भेटले आत. तुझ्यासारखा कागद इथे येणाऱ्या प्रत्येकाकडून लिहून घेणार म्हणत होते.

चालकबाई : कालपासून सुरूसुद्धा झालं. शेजारच्या पलंगावरच्या मुलीचा मीच बसून लिहिला. पाचदा खोडायला लावलं तिने. सहाव्यांदा म्हणाली, हां, ही मी.

दादा : मला एक बोलायचं होतं. ती सही.

चालकबाई : राहू दे, दादा.

दादा : नाही, बोलू दे. कागद पुढे केला, म्हणाले इथे सही करा. मी वाचलासुद्धा नाही. तू आतून हाका मारत होतीस मला. आणि मी इथे कानांवर हात ठेवून बसलो होतो.

चालकबाई : तुला कुणी विचारलं होतं का, दुसरं काही करता येईल म्हणून?

दादा : नाही.

चालकबाई : मलाही नाही.

दादा : या वेळी तुझा फोन आला तेव्हा उचलायचीच भीती वाटली. म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय.

चालकबाई : काय ऐकलंस?

दादा : मला बरं नाही, मी दवाखान्यात आहे, माझी मी आलेय. तीनदा बोलायला लावलं तुला.

चालकबाई : मला वाटलं, आवाज येत नाहीये.

दादा : येत होता. पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

चालकबाई : (पिशवी उचलत) निघू या मग.

दादा : चल. ती पिशवी दे इकडे, जड असेल.

चालकबाई : एक बंद तू धर. एक माझ्याकडे राहू दे.