तीन खांब, एक साखळी

गोदाआत्या! तिच्यामुळंच झालं सगळं. आधीच नाव घेऊन टाकतो, म्हणजे मागाहून कुणी ‘थोरामोठ्यांबद्दल असं बोलू नये’ म्हणायला नको. म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा आणि उठा, कारण मी बोलणारच आहे. थोरमोठे! अहो, थोरमोठे जरा गप्प बसले असते तर माझ्यावर ही वेळ आली असती का? लाजेनं मेलोय मी, तुम्हाला सांगतो, बाजारातनं जाताना भिंतीकडं तोंड करून चालतो… आणि ती बसलीय घरात जप करत!

मी कमलाकर. कोर्टातले कारकून चिंतामणराव, त्यांचा एकुलता एक मुलगा. इंग्रजी पाचवीतून शाळा सोडली. सोडली बरं का, काढलं नाही कुणी. मास्तरांनी पट्टी उगारली, मी ती हातातून काढून घेतली, खिडकीतून बाहेर फेकली आणि तिच्यामागं मीही बाहेर पडलो, दारातून. तेव्हापासून वडील माझ्याशी थेट बोलत नाहीत, भिंतीशी बोलतात. ‘जेवायला या म्हणावं पैलवानांना.’ हे भिंतीला! कारण मी रुद्रप्पा वस्तादांच्या तालमीत जायला लागलो होतो, आणि मला एकच गोष्ट हवी होती, दुसरी काही म्हणजे काही नको होती: मंद्रूपच्या जत्रेत कुस्ती. वस्तादांनी शब्द दिला होता की! ‘कमळाकर, औंदा मंद्रूपला तुझी जोड लावतो. त्या बसलिंगप्पासंगं. लई माजलाय त्यो.’ म्हणजे बघा, भर मैदानात हलगी वाजणार, मी शड्डू ठोकणार, आणि कुणीतरी येऊन वडिलांना सांगणार, ‘चिंतामणराव, तुमच्या मुलानं मारली हो कुस्ती!’ मग बोला म्हणावं भिंतीशी!

आणि चैत्रात काय होतं, तर तालमीतल्या जोतीरामवर ढाकेचा डाव मारायला जातो आणि माझाच गुडघा लचकतो. वस्ताद म्हणाले, ‘पाय हलवू नगंस. जत्रंपत्तुर बरा व्हायला पायजे. घरी पड.’

पडलो. सोलापूरचा चैत्र म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. वर पत्रा, खाली मी, गुडघ्याला हळदीचा लेप, आणि उशाशी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. फार लहानपणी नवरा गेला, आमच्याकडं आली, आणि तेव्हापासून घरात तिचाच हुकूम. तिला कँपातल्या कुठल्याशा मडमेनं क्रोशाचं विणकाम शिकवलेलं. सुई म्हणाल तर जुन्या छत्रीची काडी, टोक घासून आकडा केलेला. त्या एका काडीनं त्या बाईनं घरातली एकही वस्तू उघडी ठेवली नव्हती. तांब्यावर जाळी, आरशावर जाळी, पानाच्या डब्यावर जाळी, भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा जाळी; किती वाजले बघायला भोकातून डोळा लावायचा! पण यंदा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हात अडला. आणि मी तिथं आयता पडलेला.

‘कमलाकर, एवढी ओळ ओढून दे रे. मला भोकं दिसेनात.’

‘आत्या, मी पैलवान आहे.’

‘हो ना, म्हणजे सुई जड जायची नाही. सोपं आहे रे, तीन खांब, एक साखळी!’

सोपं आहे रे! हे तीन शब्द ऐकले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. खांब म्हणजे उभा टाका, साखळी म्हणजे आडवी कडी. तीन उभे, एक आडवा, मध्ये भोक, परत तीन उभे… आणि ते करायचं काय, तर त्रिकोणी रुमाल. ‘उन्हाळ्यासारखा उन्हाळा,’ आत्या म्हणते, ‘एक रुमाल जवळ असावा बाई. भिजवून डोक्याला बांध, टोपीच्या आत घाल, गळ्याला बांध, घाम टिपतो, कमरेला बांध, आत सुपारी ठेव, दोन टोकांना गाठ मार की आंब्यांची पिशवी झाली, पाहुणे आले की झटकून तांब्यावर घाल!’ मी म्हटलं, आत्या, त्याच आंब्यांच्या पिशवीनं पाणी झाकायचं? तर म्हणते, ‘तू ओढ.’

ओढला. काय करणार? पाय बांधलेला, पत्रा तापलेला, करमणूक म्हणून मिलचा भोंगा तेवढा. पहिली ओळ झाली ती मांजरानं ओकून टाकल्यासारखी. आत्यानं बोटं फिरवली, उसवली. ‘सोपं आहे रे!’ दुसरी उसवली. तिसरी… तिसरी तुम्हाला सांगतो, बसली. भोकाखाली भोक, खांबावर खांब. आणि इथं खरी लाजेची गोष्ट आहे, ती कुणाला सांगितलेली नाही, आता सांगतो: माझे हात थांबेनात. आत्या झोपली तरी मी ओढतोय! दाराची कडी वाजली की दोरा गोधडीखाली, आणि माणूस गेला की परत बाहेर. जोतीराम बघायला आला, तर तो बोलतोय डावपेचांचं आणि माझी बोटं गोधडीखाली आपली मोजतायत, तीन खांब, एक साखळी…

वडिलांनी एकदा पकडलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले. काय बोलले? ‘शाळा सोडलीस ते सोडलीस, आता बांगड्याही भर!’ आणि परत भिंतीकडं वळून, ‘घराण्याचं नाव निघालं म्हणावं.’

असो. पाय बरा झाला. पहिल्याच संध्याकाळी तालमीत गेलो, लंगोट कसला, मातीत उतरलो, जोर काढले, अंगात नुसतं वारं भरलेलं! वस्ताद मातीच्या हौदाच्या कडेला उघड्या अंगानं बसलेले. डोक्यावर एक केस नाही, आणि त्या डोक्यावर घामोळं असं उठलेलं की डाळिंब सोलून ठेवावं. खाजवतायत आणि शिव्या देतायत. म्हणाले, ‘गुडघा बेस हाय. मंद्रूपला तूच.’ ऐकलंत? तूच! आणि एवढ्यात दारातून हाक.

‘कमलाकराऽ! अरे, रुमाल विसरलास रे! तूच विणलेला!’

आत्या! बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर उभी. पण आवाजाला कुठं उंबरा असतो? सगळी तालीम थांबली. जोर काढणारा खाली गेला तो तिथंच राहिला. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘विणलेला?’ आणि आत्याला वाटलं, विचारतायत बिचारे, सांगावं नीट!

‘हो, कमलाकरानं. हात फार साफ आहे हो त्याचा. मी नुसतं दाखवलं. सोपं असतं, तीन खांब, एक साखळी!’

अहो, धरणी पोटात घेते म्हणतात, कुठं घेते? तालमीतली माती खोदून ठेवलेली होती, तरी घेतलं नाही! जोतीरामनं पहिली आरोळी ठोकली, ‘कमळाबाऽई! आमास्नी बी येक झबलं विणा की वो!’ आणि मग जे हसले सगळे… माझे कान असे पेटले, की त्यावर भाकरी भाजली असती. आत्याला काय, ऐकू कमी येतं. तिला वाटलं कौतुक चाललंय. म्हणते, ‘वस्ताद, तुमच्या डोक्याला फार त्रास दिसतो. कमलाकर, भिजव आणि बांध त्यांना.’

मी बांधला. लंगोटावर उभा राहून, चाळीस डोळ्यांसमोर, वस्तादांच्या टकलाला मी विणलेला जाळीचा रुमाल मागं गाठ मारून बांधला. हसणं थांबलं. मला वाटलं, आता बसतीय कानाखाली. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास सोडला…

‘आरारारा! डोस्क्यात कुणीतरी खिडकी उघडली की रं!’

आणि रात्री निजतानासुद्धा काढला नाही म्हणे तो त्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, कौतुक झालं! कौतुक? थांबा. दुसऱ्या दिवसापासून एकेक पैलवान, चारचौघांत मला ‘कमळाबाई’ म्हणायचा, पोट धरून हसायचा, आणि मग विहिरीपाशी एकट्याला गाठून, ‘कुणाला बोलू नगंस, पर मला बी येक… वाईच मोठा… कड निळी घाल.’ जोतीराम, तो पहिला आरोळी ठोकणारा, त्यानं तर दोन सांगितले, एक त्याचा आणि एक सासऱ्याचा! एकालाही लाज नाही, सगळ्यांची मिळून मला.

आणि वडील! ते भिंतीवाले! एक दिवस बघतो, तर टोपीच्या आत पांढरी जाळी. माझीच. दांडीवर वाळत घातलेली उचलली होती. कोर्टात टोपी काढली तेव्हा एका वकिलानं विचारलं, ‘वा चिंतामणराव, विणला कुणी?’ आणि चिंतामणरावांनी काय सांगावं?

‘आमच्या मुलीनं.’

कुठली मुलगी? अहो, मी एकुलता एक! मला बहीण नाही! माझ्या बापानं भर कोर्टात, जिथं लोक गीतेवर हात ठेवून खरं सांगतात तिथं, माझी मुलगी करून टाकली! आणि एवढ्यावर थांबलं नाही. चार दिवसांत त्या वकिलाचे मेहुणे जेऊरहून घरी हजर, पत्रिका घेऊन. माझ्यासाठी स्थळ नव्हे. त्या विणणाऱ्या मुलीसाठी! मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्यावरची जाळी बघितली आणि म्हणाले, ‘हात सुरेख आहे हो मुलीचा.’ वडील भिंतीकडं बघत म्हणाले, ‘हो, पण तिचं ठरलंय.’ माझं ठरलंय! कुणाशी ते तरी सांगा म्हणावं!

तरी मी सगळं गिळलं. का? मंद्रूप. म्हटलं, एकदा बसलिंगप्पाला पाठीवर टाकला की सगळ्यांची तोंडं बंद. पहाटे विहिरीवर जाऊन बैठका, दुपारी… दुपारी रुमाल. काय करू, वस्तादांनी सांगितलेला. मंद्रूपच्या पाटलांना शब्द दिलेला, मैदानात बक्षिसाच्या वेळी पाटलांच्या डोक्याला बांधायचा.

जत्रेला बैलगाड्यांनी निघालो. मैदान भरलेलं, झाडांवर पोरं, घरांच्या धाब्यांवर बायका. हलगी अशी कडाडतेय, की माझ्या मांड्या आपोआप उडतायत. लंगोट लावला, अंगाला माती लावली. वस्ताद आले.

‘पाटलांचा झाला का रं?’

‘कड राहिलीय थोडी.’

‘मग बस हितं. वीण.’

‘वस्ताद, माझी कुस्ती आहे!’

‘जोतीराम धरंल.’

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, ‘वस्ताद, जोड माझी आहे, तुम्ही शब्द दिलाय!’ तर माझा हात हातात घेतला हो त्यांनी, पाखरू धरावं तसा, आणि म्हणाले, ‘आरं येड्या, त्या बसलिंगप्पानं गेल्या साली येकाचं बोट मोडलंय. तुझं मोडलं म्हंजे? पैलवान काय, कुटं बी मिळत्यात. ह्यो हात मी कुटनं आणू?’

मी बसलो. अंगाला लाल माती, कमरेला लंगोट, आणि हातात छत्रीची काडी. वरून धाब्यावरनं बायकांचा आवाज: ‘अगं सोजरे, बघ की, बाप्या विणतोय!’ सगळं मैदान एकदा आखाड्याकडं बघतंय, एकदा माझ्याकडं. मान इतकी खाली घातली, की हनुवटी छातीला टेकली. एक म्हातारी तर खाली उतरून जवळ आली, वाकली, बघत राहिली. ‘दादा, कोपऱ्याला किती घालता वो?’

आणि मी सांगितलं! शिवी द्यायची सोडून मी तिला नीट सांगितलं, ‘पाच खांब. नाहीतर कोपरा गोळा होतो.’

मग ओरडा झाला, टोप्या उडाल्या, हलगी थांबली. मान वर केली तर जोतीराम लोकांच्या खांद्यावर. कुठला डाव टाकला, बसलिंगप्पा कसा पडला, काही ठाऊक नाही. माझ्यापासून दहा हातांवर माझी कुस्ती झाली आणि मी ती बघितलीसुद्धा नाही. मी कोपरा वळवत होतो.

परतताना गाडीत वस्ताद म्हणाले, ‘नाराज हूं नगंस. फुडल्या साली लावतो तुझी जोड. पाटलांच्या भावाचा तेवढा हातावेगळा कर.’

तालीम मी सोडलेली नाही. रोज जातो. मातीत उतरू देत नाहीत. मी आजवर एकही कुस्ती खेळलेलो नाही.