चहाचा प्लग

रविराज : ज्यानं ही बिल्डिंग बांधली तो चोर आहे, आई. सरळसरळ चोर! खाली दहा फूट भरतं, वर तीन बोटं कमी. बोर्ड बसणार कसा?

कुसाबाई : माझ्यावर कशाला वरडतो? मी धरलाय ना.

रविराज : वर उचल. डोक्यानं नको, हातानं!

कुसाबाई : पुठ्ठ्याची भिंत ही. एखादा गडी लावायचा व्हता.

रविराज : पुठ्ठा नाही, जिप्सम आहे. मोबाइलवर बघितलंय मी सगळं.

कुसाबाई : मोबाइलातल्या माणसाचं घर वाकडं नसंल. रव्या, निफाडला तुझ्या चुलत्यानं घरात भिंत घातली, तवा आधी मला तोंडावर सांगितलं व्हतं.

रविराज : त्याचं आता काय?

कुसाबाई : दुपारी भिंत उठली, सांजच्याला चुली दोन झाल्या.

रविराज : ती वाटणी होती! ही तुझी खोली आहे. हॉलमध्ये झोपतेस, लुगडं बदलायला बाथरूम गाठतेस. सेकंड शिफ्ट करून रात्री अंबडच्या कंपनीतून येतो, तर तुला ओलांडून आत जावं लागतं.

कुसाबाई : म्हंजे तुला अडचण व्हती.

रविराज : मला नाही गं, तुला!

कुसाबाई : मला नव्हती.

रविराज : वैष्णवी, अगं सांग ना हिला!

वैष्णवी : मी काय सांगू? तुम्हीच म्हणालात, आत्याबाईंनी खोली मागितली.

कुसाबाई : मी? कधी?

रविराज : गावाहून आल्या आल्या म्हणालीस की, बूड टेकायला जागा नाय!

कुसाबाई : आरं, ते यष्टीतलं सांगत व्हते मी!

वैष्णवी : घ्या. आणि आम्ही चार दिवस धूळ खातोय.

कुसाबाई : अन् माझ्या बाजूला हा प्लग कशाला?

रविराज : शेगडीला. तू पहाटे उठतेस. सायलीची बारावी आहे, झोप मोडायला नको पोरीची. तुझा चहा तू आतच...

वैष्णवी : शेगडी? हे मला कुठं बोललात?

(बोर्डाला आतून टेकलेले कुसाबाईचे हात तसेच राहतात.)

कुसाबाई : म्हंजे चूल बी दिली.

रविराज : चूल नाही ती! प्लग आहे! आई, नीट धर, सुटतोय बोर्ड.

कुसाबाई : धरलाय. पिळ तुझे स्क्रू. फकस्त येवढं सांग, उद्या सकाळचा च्या मी कुठं ठेवू? हिकडं का तिकडं?

रविराज : आई...

कुसाबाई : हात भरून आले, रव्या. बोल की.