चौदा नंबरची विहीर

नकाशे छापायच्या दुकानात रांग होती. विहिरी बुजवायची कामं घेणारा गवंडी मागे उभा राहून गावातल्या विहिरींची पाहणी करून नकाशा बनवणाऱ्या कॉलेजच्या दोघींचं बोलणं ऐकत होता.

“चौदा नंबर ‘वापरात’ टाकलीस? अगं, कोरडी ठाक आहे ती विहीर.”

“माझी आजी रोज जाते तिथे.”

“पाण्याला?”

“नाही गं. आजोबांनी खणलेली ना. ते गेल्यापासून कठड्यावर बसून ती त्यांना दिवसभराचं सांगते. आतून हुंकार येतो म्हणे.”

“पाणी नाही ती ‘बाद’, सरांनी बजावलंय. बाद झाल्या की बुजवतात.”

“म्हणून तर.”

गवंडी उगाच हातातले कागद सारखे करू लागला.

“आणि कशासाठी वापरात, ते काय लिहिणार? ‘बोलायला’ असा पर्याय नाहीये यादीत.”

“‘इतर’ आहे ना.”