धुराला वाट

नेस्टाबाईंचा नंबर यायला अजून अवकाश होता आणि घाईही नव्हती. वेल्समध्ये जानेवारीत दवाखान्याइतकी फुकटची ऊब दुसरीकडे मिळत नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. नेस्टाबाईंनी मासिक उघडलं आणि कान तिकडे लावले.

"आज मी डॉक्टरांना खरं ते सांगणार, एम्रिस. घरात लाकडं जाळणं बंद करायला लावतील ते."

"सांग की. खोकला तुझा, मी कोण अडवणारा?"

"अरे, तू सकाळी पेटवतोस तेव्हा धुराडं गार असतं, म्हणून धूर घरात येतो. आधी पेटता कागद वर धरून धुराला वाट करून द्यायची, मग खाली काड्या पेटवायच्या. लग्न झाल्यापासून सांगतेय."

"माझे वडील नव्हते कागद धरत."

"म्हणूनच तुमच्या घरात कुणाला कुणाचं तोंड दिसायचं नाही."

"मग लाव हीटर. बटण दाबलं की झालं. मी सकाळी उठून काय करू? बटणाकडे बघत बसू?"

म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिनं एम्रिसच्या बाहीवरची राख झटकली.

"ओल्वेन प्रिचर्ड!" नर्सनं दारातूनच विचारलं, "घरात लाकडं जाळता का हो?"

"छे, बाई," म्हातारी उठून दाराशी जात म्हणाली.

"तुमच्या कोटाला तर धुराचा वास येतोय."

"शेजारी पेटवतो ना. जन्म गेला त्याचा, पण अजून जमत नाही."

"जमतं त्याला," एम्रिस म्हणाला. "चांगलं जमतं."